विंडोजवर आल्यावरही ग्रेप-ऑक-सेड हाताशी हवेत? डब्ल्यूएसएल २ चा रिव्ह्यू

ऐरोली, घणसोली, महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये नोकरी बदलली की लॅपटॉपही बदलतो, आणि उबुंटू या लिनक्सवर हात बसलेल्या माणसाच्या पुढ्यात विंडोज ११ येतं. ग्रेप, ऑक, सेड (मजकूर शोधायची-बदलायची लिनक्सची हत्यारं), आरसिंक (फायली कॉपी-सिंक करणारं), टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या) आणि वर्षानुवर्षं जमवलेली .बॅशआरसी (शेलच्या सेटिंगची फाइल) सोडायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएसएल २ (विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) फुकट आहे, होम एडिशनवरही चालतं आणि त्यात खरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो, नक्कल नव्हे. अट एकच: फायली लिनक्सच्या बाजूला ठेवायच्या. 'डब्ल्यूएसएल फार स्लो' म्हणणाऱ्यांचा प्रोजेक्ट बहुतेक वेळा सी ड्राइव्हवर पडलेला सापडतो.

आधी पर्याय. फक्त गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं), एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन) आणि थोडं ग्रेप लागत असेल तर गिट बॅश पुरतो, बाकी काही टाकू नका. पण त्यात एपीटी (उबुंटूची सॉफ्टवेअर टाकणारी कमांड) नाही आणि आरसिंकही आयतं येत नाही. पॉवरशेल या विंडोजच्या स्वतःच्या शेलवर जुन्या सवयी चालवायला गेलात तर फसाल. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये 'कर्ल' (वेब पत्त्यावरून डेटा आणणारी कमांड) हे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे, त्यामुळे नेहमीचे ऑप्शन लाल अक्षरांत परत येतात. खरं कर्ल हवं असेल तर पुढे .ईएक्सई लावावं लागतं. सीएमडी या जुन्या कमांड प्रॉम्प्टमधला 'फाइंड' तर फाइल शोधतच नाही, फाइलमधला मजकूर शोधतो.

इन्स्टॉल सोपं आहे. टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा, 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' द्या, रीस्टार्ट करा, युजरनेम-पासवर्ड ठरवा. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काही दिसत नाही, तसंच असतं. न सांगता उबुंटू येतं. इथे बऱ्याचदा भेटणारा एरर ०एक्स८०३७०१०२. बहुतेक वेळा अर्थ असा की बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनमध्ये दुसरी सिस्टिम चालवायची प्रोसेसरची सोय) बंद आहे. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे उजवीकडे खाली ते चालू आहे की नाही दिसतं. इंटेलच्या मशीनवर बायोसमध्ये व्हीटी-एक्स शोधा, एएमडीवर एसव्हीएम. ऑफिसच्या लॅपटॉपला बायोस पासवर्ड असतो, तेव्हा आयटीकडे तिकीट टाकण्यावाचून इलाज नाही.

आता त्या अटीबद्दल. लिनक्सची होम डिरेक्टरी ईएक्सटी४.व्हीएचडीएक्स नावाच्या एका मोठ्या फाइलमध्ये असते आणि तिथला वेग साध्या लिनक्सच्या जवळपास असतो. सी ड्राइव्ह मात्र लिनक्सला /एमएनटी/सी म्हणून दिसतो आणि तिथली प्रत्येक फाइल ९पी नावाच्या प्रोटोकॉलवरून, दोन सिस्टिमच्या सीमेवरून ये-जा करते. एक मोठी फाइल वाचताना फारसं जाणवत नाही. पण नोड मॉड्यूल्ससारखा हजारो बारीक फायलींचा फोल्डर असला की दर फाइलमागे तो टोल भरावा लागतो आणि साधं 'गिट स्टेटस' रेंगाळतं. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर विचारूच नका. रेपो (प्रोजेक्टचं गिट फोल्डर) होममध्ये क्लोन करा. विंडोजमधून बघायचा झाला तर त्याच फोल्डरमध्ये 'एक्सप्लोरर.ईएक्सई .' द्या, खिडकी उघडते.

याच सीमेवरची आणखी दोन दुखणी. सी ड्राइव्हवरच्या एसएसएच कीची (लॉगिनची गुप्त फाइल) परवानगी ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) दिसते, एसएसएच ती नाकारतं आणि परवानगी बदलणारी सीएचमॉड मारूनही फरक पडत नाही. की होममधल्या .एसएसएच फोल्डरमध्ये कॉपी करून तिथे ६०० (फक्त मालकाला) करा. दुसरं, विंडोजच्या एडिटरमध्ये सेव्ह झालेल्या स्क्रिप्टच्या ओळींना शेवटी सीआर (ओळ संपल्याचं न दिसणारं अक्षर) चिकटतो. मग स्क्रिप्ट चालत नाही: जुनं बॅश 'बॅड इंटरप्रिटर' म्हणतं आणि इंटरप्रिटरच्या नावामागे ^एम दिसतो, नवं बॅश 'रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड' म्हणतं. 'डॉस२युनिक्स' टाकून घ्या; लिनक्सच्या बाजूच्या गिटमध्ये ऑटोसीआरएलएफ 'इनपुट' ठेवा.

मराठी डेटावर काम करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. सोसायटीच्या सभासदांची यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत काढली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं. पण त्यात फाइलच्या तोंडाशी तीन बाइटचा बीओएम (यूटीएफ-८ची खूण) येतो, दिसत नाही, आणि पहिल्या कॉलमचं नाव ग्रेपला ओळीच्या सुरुवातीला सापडत नाही. डॉस२युनिक्स तोही काढून टाकतं. पुढचा खड्डा ओळीचा तुकडा कापणाऱ्या 'कट -सी'चा. उबुंटू २४.०४ मध्ये हा ऑप्शन अक्षरं नाही, बाइट मोजतो. 'ठाणे' म्हणजे ठ, काना, ण, मात्रा असे चार कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं), प्रत्येकी तीन बाइट, एकूण बारा. 'कट -सी१-४' दिलं की पूर्ण ठ येतो आणि मागे कान्याचा तुटका तुकडा. उबुंटूचं मूळचं ऑक म्हणजे मॉक, तेही याच शब्दाची लांबी १२ सांगतं. 'गॉक' इन्स्टॉल केलं की उत्तर ४ येतं. हा दोष डब्ल्यूएसएलचा नाही, नुसत्या उबुंटूवरही हेच होतं. पण मॅकवरून येणाऱ्यांना धक्का बसतो, कारण तिथलं कट अक्षरं मोजतं.

मेमरीच्या बाबतीत माल जरा खादाड आहे. बाय डिफॉल्ट मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत हात घालतो, आणि काम चालू असताना लिनक्स फायलींच्या कॅशमध्ये घेतलेली रॅम सहजी परत देत नाही. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर, टीम्स आणि हे, तिन्ही एकत्र नांदत नाहीत. युजर फोल्डरमध्ये .डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइल करून 'डब्ल्यूएसएल२' या मथळ्याखाली मेमरी ३ जीबीवर आणा. नोटपॅड गुपचूप .टीएक्सटी जोडतो, म्हणून सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर फाइल वाचलीच जात नाही आणि कुठे काही एररही येत नाही. बदलानंतर 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' हवंच. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. डिस्कचंही तसंच: आतल्या फायली उडवल्या तरी व्हीएचडीएक्स आपोआप आकसत नाही, शटडाउन करून डिस्कपार्टने कॉम्पॅक्ट करावी लागते.

ऑफिसच्या नेटवर्कवर खरी कसोटी लागते. बऱ्याच कंपन्या एचटीटीपीएस ट्रॅफिक मध्येच उघडून तपासतात आणि त्यासाठीचं कंपनीचं रूट सर्टिफिकेट फक्त विंडोजमध्ये घातलेलं असतं. उबुंटूला ते ठाऊक नसतं, म्हणून ब्राउझर चालतो पण गिट आणि कर्ल सर्टिफिकेटच्या नावाने ओरडतात. तपासणी बंद करायचे ऑप्शन इंटरनेटवर भरपूर सापडतात, ते वापरू नका. विंडोजच्या सर्टिफिकेट मॅनेजरमधून ते रूट 'बेस-६४' प्रकारात एक्सपोर्ट करा, फाइलचं शेपूट .सीईआरचं .सीआरटी करा (हे विसरलात तर पुढची कमांड तिला चक्क ओलांडून जाते), /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्समध्ये ठेवा आणि सुडो लावून 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवा. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आणि नोड आपापली यादी बाळगतात; त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून ही फाइल वेगळी दाखवावी लागते. व्हीपीएन लावल्यावर साइटची नावंच सापडत नसतील, तर विंडोज ११ वर त्याच कॉन्फिग फाइलमध्ये नेटवर्किंग मोड 'मिरर्ड' करून बघा.

घणसोलीला झाकण लावून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतरून उघडणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: स्लीपनंतर आतलं घड्याळ मागे राहू शकतं. नव्या कर्नलवर हे बरंच कमी झालंय. एपीटी 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणाली किंवा क्लाउड सर्व्हिसने रिक्वेस्टची डिजिटल सही नाकारली, तर आधी 'डेट' बघा; 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस' दिलं की जुळतं.

कोणाला चालणार नाही? रबाळे-महापे एमआयडीसीत यूएसबी-सिरीयलवर पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा कंट्रोलर) किंवा बोर्ड जोडणाऱ्यांना थेट पोर्ट दिसत नाही. विंडोजवर यूएसबीआयपीडी-विन टाकून, आधी ॲडमिन टर्मिनलमधून 'बाइंड' आणि मग 'अटॅच' करावं लागतं, आणि वायर काढून लावली की अटॅच पुन्हा. क्रॉनवर (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर) रात्रीचा बॅकअप सोडणाऱ्यांनीही भरवसा ठेवू नये: काही चालू नसलं की अख्खी सिस्टिम झोपते, क्रॉनसकट. ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरला सांगून त्याच्याकडून डब्ल्यूएसएलची कमांड चालवून घ्या.

लॅपटॉप परत करायची वेळ आली की 'डब्ल्यूएसएल --एक्सपोर्ट'ने सगळं घर एका टार फाइलमध्ये बांधता येतं आणि नव्या मशीनवर 'इम्पोर्ट'ने उघडता येतं. इम्पोर्टनंतर लॉगिन रूट म्हणून होतं, मूळ युजर डब्ल्यूएसएल.कॉन्फमध्ये लिहावा लागतो. हे सगळं नीट उघडलेलं पाहिल्याशिवाय जुन्या मशीनवर 'अनरजिस्टर' देऊ नका. ती कमांड 'नक्की का?' असं विचारत नाही, व्हीएचडीएक्ससकट सगळं पुसून टाकते, आणि रीसायकल बिनमध्ये काही सापडत नाही.