जिरूचा नेबुलायझर

हे मशीन माणसांचं आहे. मुठीत मावणारा, जाळीचा, बिनआवाजाचा नेबुलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं यंत्र. मी तो गिनीपिगसाठी घेतला आणि गेले चार महिने रोज वापरतेय. ज्यांना माणसासाठी घ्यायचाय त्यांनी मधला जिरूचा भाग गाळून वाचलं तरी चालेल. अशा घाटाची मशीनं चार-पाच कंपन्यांची मिळतात, आतलं काम सगळ्यांचं सारखंच, म्हणून कंपनीबद्दल न लिहिता घाटाबद्दल लिहिते. इंदूरच्या दवा बाजारात मला १,९०० रुपयांना पडला.

गिनीपिग नातवाचा. मुलगी-जावई दोन वर्षांसाठी सिंगापूरला गेले, तेव्हा पिंजरा, गवताची पिशवी आणि स्केचपेनने लिहिलेला एक कागद आमच्या राजेंद्र नगरच्या घरी येऊन पडला. कागदावरचा पहिला नियम: ‘आजी, जिरूला शेव द्यायची नाही.’ जिरू म्हणजे जीरावन. तपकिरी, काळे, पांढरे केस असे मिसळलेले की पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावनचा डबाच सांडलाय अंगावर. ज्यांनी इंदूरला पोहे खाल्ले नाहीत त्यांनी हे मनाने समजून घ्यावं.

जानेवारीच्या थंडीत तो शिंकायला लागला. आठवड्याभरात शिंकांचं घर्रघर्र झालं. पुढच्या पंज्यांच्या आतल्या बाजूला पांढरट पापुद्रा दिसायला लागला. नाक पंज्यांनी पुसतात ना ते, तोच वाळलेला शेंबूड. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे, तेव्हा बसून मनगटावरच्या घड्याळावर श्वास मोजले. झोपलेला असताना मिनिटाला १३० भरले. शंभरच्या आत हवेत. कुशी भात्यासारख्या आत-बाहेर होत होत्या. गिनीपिग नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेणं त्याला जवळजवळ जमतच नाही, म्हणून नाक चोंदलं की त्याचं सगळंच अडतं. खाणंसुद्धा.

इथे मी चूक केली, तीही सांगून टाकते. पिंजरा जिथून आणला होता त्या दुकानातला पोरगा म्हणाला, “आंटी, बच्चों वाला सिरप दे दो, अमॉक्सिसिलिन, सबको वही देते हैं.” मी दिलं. एक वेळ. दुसऱ्या दिवशी जिरूने कोथिंबिरीकडे पाहिलंसुद्धा नाही आणि लेंड्या पातळ झाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाटली बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझेच नापास विद्यार्थी आठवले. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या आतड्यातले कामाचे जंतू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम माजतो, आणि त्याच्या विषाने प्राणी दोन-चार दिवसांत जाऊ शकतो. आतड्यातल्या जंतूंचा धडा मीच शिकवायचे. असो. जिरू वाचला, पण तीन दिवस दर तीन तासांनी सुईविना सिरिंजने गवताचा लगदा भरवावा लागला. रात्री दोनचा गजर ह्यांनी लावायचा, उठायचं मी.

डॉक्टरांनी गिनीपिगला चालणारं अँटिबायोटिक दिलं, एन्रोफ्लॉक्सासिन, वजनावर मोजून. चौदा दिवसांत घर्रघर्र थांबली. औषध बंद केलं आणि नवव्या दिवशी परत सुरू. पुन्हा कोर्स, पुन्हा तेच. वजन मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर, पोळ्यांच्या डब्यात बसवून घेते. ९४० ग्रॅमचा जिरू मार्चमध्ये ७९० वर आला. मग महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन गेलो, एक्स-रे काढला. हृदय वाढलेलं नाही, दाढांची मुळं नाकाकडे घुसलेली नाहीत. हे दोन्ही बघावं लागतं, कारण दोन्हींमुळे असाच श्वास लागतो आणि मग अँटिबायोटिक कितीही द्या, उपयोग नाही. फुप्फुसात मात्र खालच्या बाजूला ढग होते. तिथे सांगितलं की औषध चालू ठेवा आणि जोडीला सलाईनची वाफारी द्या, आत घट्ट झालेला कफ सुटायला हवा.

आता मशीन.

घरात एक नेबुलायझर होताच. ह्यांचा दमा जुना आहे आणि आमचा कॉम्प्रेसरवाला, हवा दाबून धुकं करणारा नेबुलायझर त्याहून थोडाच नवा. चालू केला की मजल्यावर पिठाची गिरणी लागल्यासारखा वाटतो. जिरूसमोर लावला तर तो जागच्या जागी थिजला, डोळे मोठे, मिशीसुद्धा हलेना. ज्याला श्वास लागलाय त्याला घाबरवून श्वास अजून वाढवायचा, यात काय अर्थ? शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं की मशीन, नळी, कप सगळं वेगळं हवं. गिनीपिगच्या नाकात बोर्डेटेला नावाचा जंतू असू शकतो, तो क्वचित कमजोर फुप्फुसाच्या माणसाला लागतो. हे ऐकल्यावर ह्यांनी आपलं मशीन उचलून कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात.

म्हणून हा जाळीचा. आत एक बारीक भोकांची धातूची चकती असते, ती थरथरते आणि भोकांतून पाण्याचे थेंब धुक्यासारखे बाहेर पडतात. माहितीपत्रकात कंपन ११० किलोहर्ट्झ लिहिलंय. मला भीती होती की आपल्याला ऐकू येत नाही पण त्याला येईल. गिनीपिगचे कान साधारण ५० किलोहर्ट्झपर्यंत पोचतात, म्हणजे त्याच्याही वरचं आहे. पहिल्या दिवशी चालू केल्यावर त्याने फक्त नाक वर केलं. आपल्याला ऐकू येतो तो एक बारीक ‘स्स्स’, गॅसवर दूध वर यायच्या आधी येतो तसा.

मास्क त्याच्या तोंडाला लावायचा प्रयत्नही करू नका. मी १५ लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला, कडधान्याला वापरतो तो. एका बाजूला तापवलेल्या सुरीने मशीनच्या तोंडाएवढं भोक पाडलं, झाकणाला खिळ्याने दहा-बारा छिद्रं, खाली जुन्या टॉवेलची घडी. आत जिरू आणि कोथिंबिरीची एक काडी. कपात चार मिली साधं सलाईन, १० मिनिटं, सकाळी सहाला आणि रात्री नऊला. डब्यात ढग भरतो, ढगात दोन कान तेवढे दिसतात, आणि कोथिंबिरीचा कुरकुर आवाज येत राहतो. तो आवाज बंद झाला की मी लगेच झाकण उघडते. वेळ मुद्दाम गारव्याची निवडली आहे. गिनीपिगला घाम येत नाही, २७-२८ अंशांच्या वर त्याला उष्माघाताची भीती, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. दुपारी बंद डब्यात दमट हवा भरणं म्हणजे त्याला कुकरमध्ये घालणं.

शेजारच्या वहिनींनी कपात निलगिरीचे दोन थेंब टाकायला सांगितले. प्रेमाने सांगितले, पण नाही. तेल, बाम, कापूर काहीही नाही. गरम पाण्याच्या पातेल्याची वाफही नाही, त्याने चटका बसतो आणि अंग तापतं. ह्यांच्या औषधाच्या कुप्याही नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं सलाईन, तर फक्त सलाईन.

फायदा? पहिल्या चार दिवसांत दिसला. वाफारीनंतर पाच-सात मिनिटांनी तो जोरजोरात शिंकतो, नाकातून चिकट थेंब येतो, मी ओल्या कापसाने पुसते, आणि मग तो गवताकडे जातो. आधी जात नव्हता.

पण घर्रघर्र पूर्ण गेली नाही, आणि यात मशीनची चूक नव्हती.

एप्रिलमध्ये एक दिवस माझा चष्मा पिंजऱ्यामागे पडला. मी गुडघ्यावर बसून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून हात आत घातला, आणि डोळ्यांना झोंबलं. शाळेच्या प्रयोगशाळेत अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं की झोंबायचं तसंच. उभं राहिलं की काही वास नाही. आम्ही पिंजरा आठवड्यातून दोनदा साफ करायचो आणि स्वतःला टापटीप समजायचो. पण जिरूचं नाक जमिनीपासून तीन इंचांवर. तो दिवसरात्र तीच हवा घेत होता, वर मी दिवसातून वीस मिनिटं स्वच्छ धुकं देऊन समाधान मानत होते. खाली अंथरलेला भुसाही सुताराकडून आणलेला, चिडाच्या लाकडाचा. त्याचा वास आपल्याला छान वाटतो, जिरूच्या श्वासनळीला नाही. आणि मूठभर उचलून उन्हात धरला तर त्यातून उडणारी धूळ नुसत्या डोळ्यांनी दिसते. कूलरचा झोतही सरळ पिंजऱ्यावर होता. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला जानेवारीत खोकला होता आणि तो येता-जाता पिंजरा हुंगायचा. कुत्र्यांच्या त्या खोकल्यामागे अनेकदा हाच बोर्डेटेला असतो. आता नक्की त्याच्याकडूनच आला असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचेत.

भुसा फेकला. जुन्या सुती चादरींचे चौकोन कापले, रोज सकाळी बदलते, धुते, कडक उन्हात वाळवते. गवत पिंजऱ्यात टाकण्याआधी गच्चीवर झटकते. पिंजरा कूलरच्या खोलीतून मधल्या खोलीत. शिमला मिरची रोज, पेरू मिळाला तर पेरूची फोड, कारण क जीवनसत्त्व माणसासारखंच गिनीपिगचंही शरीर बनवू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी स्कर्व्हीचा छडा लावला तो गिनीपिगवरच. हे वर्गात सांगताना मला कधी वाटलं नव्हतं की एक दिवस भाजीवाल्याशी यावरून घासाघीस करीन. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकण्यात अर्थ नाही, पाण्यात ते लवकर निकामी होतं. मी डॉक्टरांनी दिलेल्या मापाने सिरिंजमधून तोंडात देते.

तिसरा कोर्स मेच्या मध्यावर संपला. नववा दिवस गेला. विसावा गेला. वजन ९१०. वाफारी आता फक्त रात्रीची, तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करतोय. थंडीत काय होतं ते बघू.

मशीनच्या तक्रारी. एक, ते सरळ उभंच ठेवावं लागतं. जरा कललं की पाणी जाळीपासून सुटतं आणि धुकं बंद. डब्याच्या भोकात बसवताना खाली कणकेचा डबा ठेवून उंची जुळवावी लागली. दोन, जाळी चोंदते. तिसऱ्या आठवड्यात धुकं निम्म्यावर आलं, मला वाटलं बिघडलं. भिंगाने बघितलं तर जाळीवर मिठाचे कण वाळून बसलेले. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी, वापरून तसंच ठेवलं की असं होणारच. आता प्रत्येक वेळी नंतर कपात डिस्टिल्ड वॉटर घालून दोन मिनिटं चालवते आणि उघडा वाळू देते. टाचणी, कापूस, ब्रश काहीही जाळीला लावायचं नाही, नाहीतर नवी चकती घ्या. आणि अख्खं मशीन नळाखाली धरू नका, खालच्या भागात बॅटरी आहे. माझ्याकडून एकदा झालं होतं. तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवलं, चाललं. पण ते माझं नशीब. तीन, माहितीपत्रकाची अक्षरं मुंगीएवढी. चार्जिंग मात्र फोनच्याच केबलने होतं आणि आठवडाभर पुरतं.

पाचपैकी चार तारे. एक तारा जाळीचा कापला.

आता संध्याकाळी मधल्या खोलीत एका कोपऱ्यात ह्यांची गिरणी चालते आणि दुसऱ्या कोपऱ्यात जिरूचा ढग. काल गिरणी बंद करून हे म्हणाले, “मला पण असलंच आण की, जनावराला बरं मिळतं चांगलं.” मी म्हटलं, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा तुमचं औषध जाळीतून चालतं का. तेव्हापासून रुसलेत. शिमला मिरची मात्र अजून तेच चिरून देतात, बिया काढून.