स्मार्टकार्डावरच्या किल्ल्या आणि सर्टिफिकेटं कमांड लाइनवरून: कोणतं टूल कोणाच्या कामाचं?

स्मार्टकार्ड किंवा यूएसबी टोकन हातात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात किल्ल्या (सही, लॉगिन आणि एन्क्रिप्शनसाठीचे गुप्त डिजिटल आकडे) घालायला सगळ्यात चांगलं टूल कुठलं? कार्ड पाहिल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. बाहेरून सारखी दिसणारी दोन कार्डं आतून पार वेगळी असू शकतात. एकावर पीआयव्ही ॲप्लेट (सरकारी ओळखपत्रांच्या साच्याचा, कार्डातच चालणारा छोटा प्रोग्रॅम) असतं, दुसऱ्यावर ओपनपीजीपी (ईमेलच्या सही-एन्क्रिप्शनचा साचा), तिसऱ्यावर पीकेसीएस-१५ ची (कार्डावर किल्ल्या मांडण्याच्या मानकाची) फाइल-रचना. काही टोकनांवर तर यातली दोन-तीन एकाच वेळी नांदतात आणि प्रत्येकाचा पिन वेगळा असतो. म्हणून आधी रीडर जोडा, ओपनएससी हा स्मार्टकार्डांसाठीचा टूलसंच इन्स्टॉल करा आणि ‘ओपनएससी-टूल’ला कार्डाचं नाव विचारा. ते एका ओळीत सांगतं की समोर काय आहे. ती ओळ वाचल्याशिवाय पुढची कुठलीही तुलना वाचण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न असा, की किल्ली तयार झाल्यावर ती वापरणार कोण? एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन), ब्राउझर, कोड साइन करणारी बिल्ड यंत्रणा, की ईमेल आणि गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम)? टूल तुम्ही वर्षातून दोनदा वापराल, किल्ली रोज वापराल. त्यामुळे टूल सोपं आहे की अवघड यापेक्षा, त्याने घडवलेली किल्ली पलीकडच्या प्रोग्रॅमला सापडते का, हे जास्त महत्त्वाचं.

मैदानात मुख्यतः चार पर्याय आहेत: ओपनएससीची टूलं, जीएनयूटीएलएस या एन्क्रिप्शन-लायब्ररीचं ‘पी११टूल’, युबिकी या टोकनसाठीचं ‘वायकेमॅन’ आणि जीपीजी (ओपनपीजीपी चालवणारा प्रोग्रॅम). चौघांना एकच काम देऊन पाहू: कार्डावर किल्ली तयार करायची, त्या किल्लीने सर्टिफिकेटसाठीचा (किल्ली कोणाची हे सांगणाऱ्या दाखल्यासाठीचा) विनंती-अर्ज म्हणजे सीएसआर साइन करायचा, आणि आलेलं सर्टिफिकेट कार्डावर चढवायचं.

ओपनएससी: सगळ्यांशी बोलणारं, पण अर्ध्या वाटेवर सोडणारं

‘पीकेसीएस११-टूल’चा मोठा गुण म्हणजे त्याला कार्डाचा ब्रँड कळायची गरज नसते. पीकेसीएस-११ हा कार्डाशी बोलण्यासाठी आरएसए लॅबोरेटरीजने १९९५ मध्ये आणलेला इंटरफेस. पुढे तो ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे गेला आणि २०२० मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. कार्ड बनवणारा आपलं मॉड्यूल, म्हणजे कार्डाची भाषा कळणारी लायब्ररी, देतो आणि टूल त्या मॉड्यूलमार्फत बोलतं. मॉड्यूल बदललं की त्याच कमांड स्मार्टकार्डावर, मोठ्या एचएसएमवर (किल्ल्या जपणाऱ्या खास यंत्रावर) किंवा सॉफ्टएचएसएम या नुसत्या सॉफ्टवेअर-टोकनवर चालतात. कार्ड विकत घेण्याआधी सॉफ्टएचएसएमवर सराव करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. तिथे काही बिघडलं तर फोल्डर पुसायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

आता आपलं काम. ‘कीपेअरजेन’ पर्याय देऊन किल्ली तयार होते. पी-२५६ वक्राची (एलिप्टिक कर्व्ह प्रकारची) किल्ली पटकन होते. २०४८ बिटांच्या, जुन्या आरएसए पद्धतीच्या किल्लीला कार्ड बराच वेळ घेतं आणि तेवढा वेळ पडदा अगदी शांत असतो. टूल अडकलं असं वाटून कार्ड ओढू नका. सर्टिफिकेट चढवायला ‘राइट-ऑब्जेक्ट’ आहे. ते डीईआर या बायनरी स्वरूपात दिलं तर जुन्या आवृत्त्याही कुरकुर करत नाहीत.

मधला टप्पा मात्र गायब आहे. हे टूल सीएसआर बनवत नाही. त्यासाठी ओपनएसएसएल (सर्टिफिकेटं हाताळणारं टूल) लागतं आणि ओपनएसएसएलला कार्डाशी जोडणारा दुवा लागतो. पूर्वी हा दुवा म्हणजे लिबपी११ या लायब्ररीचं ‘इंजिन’ नावाचं जोडणीचं साधन. २०२१ च्या ओपनएसएसएल ३.० पासून इंजिन ही पद्धतच मोडीत निघायला लागली आणि तिची जागा प्रोव्हायडरने घेतली. नेटवरच्या निम्म्याअधिक सूचना अजून इंजिनच्याच आहेत, त्या नव्या यंत्रणेवर तशाच चालवायला गेलात तर वेळ जाईल. पीकेसीएस-११ प्रोव्हायडर थेट बसवा आणि जुन्या वाटेच्या नादी लागू नका.

‘आयडी’ या पर्यायाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण ‘सर्टिफिकेट चढवलं पण ब्राउझरला दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं. कार्डावर प्रायव्हेट की (गुप्त किल्ली), पब्लिक की (जगाला द्यायची तिची जोड-किल्ली) आणि सर्टिफिकेट या तीन सुट्या वस्तू असतात. कुठलं सर्टिफिकेट कुठल्या किल्लीचं, हे पलीकडचा प्रोग्रॅम आयडी जुळवून ठरवतो. किल्ली बनवताना आयडी ०१ दिला आणि सर्टिफिकेट चढवताना तो द्यायचा राहिला, तर दोन्ही वस्तू कार्डावर सुखरूप असतात, पण एकमेकींना ओळखत नाहीत. भरीला हा आकडा हेक्साडेसिमल असतो. १० लिहिलं की टूल त्याचा अर्थ सोळा असा घेतं. काम झाल्यावर ‘लिस्ट-ऑब्जेक्ट्स’ लॉगिनसह चालवा आणि तिन्ही वस्तूंसमोर एकच आयडी आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. लॉगिनशिवाय चालवलं तर प्रायव्हेट की यादीत येतच नाही, आणि लोक उगाच घाबरतात.

याच घरातलं ‘पीकेसीएस१५-इनिट’ कोऱ्या कार्डांसाठी आहे. ते कार्डावर फाइल-रचना उभी करतं, पिन आणि पक (अडकलेला पिन सोडवणारा आकडा) ठरवतं, किल्ली बनवतं किंवा बाहेरची किल्ली आत घालतं. पीकेसीएस-१२ ची फाइल दिली तर किल्ली आणि सर्टिफिकेट एकदमच चढवतं. पण आधीच भरून आलेल्या कार्डावर ते चालवू नका. पीआयव्ही कार्डावर तर त्याचं काहीच काम नाही. पीआयव्ही कार्डाकडे ओपनएससीचं मॉड्यूल मुख्यतः वाचण्या-वापरण्यापुरतं पाहतं. किल्ली तयार करायला वेगळं ‘पीआयव्ही-टूल’ किंवा टोकन बनवणाऱ्याचं टूल लागतं.

पी११टूल: कमी बोलबाला, पण काम पुरं

जीएनयूटीएलएसचं ‘पी११टूल’ हाच पीकेसीएस-११ इंटरफेस वापरतं. फरक पत्ता सांगण्यात आहे. इथे प्रत्येक वस्तूला एक यूआरआय, म्हणजे पत्त्याची एक ओळ, असतो. त्याचा नमुना २०१५ च्या आरएफसी ७५१२ मध्ये ठरवून दिलेला आहे. टोकनचं नाव, वस्तूचं लेबल, आयडी, प्रकार, सगळं त्या एका ओळीत. पी११-किटमध्ये (मॉड्यूलांची यादी ठेवणाऱ्या साधनात) मॉड्यूल नोंदलेलं असलं की दर वेळी मॉड्यूलचा मार्ग टाइप करावा लागत नाही.

आणि इथे सीएसआरचा टप्पा गळत नाही. सोबतचं ‘सर्टटूल’ प्रायव्हेट कीच्या फाइलऐवजी सरळ तो यूआरआय घेतं, पिन विचारतं आणि विनंती-अर्ज साइन करून देतं. इंजिन नको, प्रोव्हायडर नको. स्क्रिप्टमधून सर्टिफिकेटं काढायची असतील तर मी हीच जोडी घेईन. लिहिलेलं वाचताही येतं: सहा महिन्यांनी स्क्रिप्ट उघडली तर कुठल्या टोकनवरची कुठली किल्ली, हे यूआरआयमध्येच दिसतं. उणी बाजू एवढीच, की अडल्यावर विचारायला माणसं कमी सापडतात. ओपनएससीचा वापर जास्त, त्यामुळे तिथली उत्तरंही जास्त.

वायकेमॅन: एकाच घराण्याचं, पण तिथे बिनतोड

टोकन युबिकी असेल आणि सर्टिफिकेटंच हवी असतील तर फार विचार करू नका. ‘वायकेमॅन’ने आपलं सगळं काम तीन कमांडांत होतं: किल्ली तयार करा, सीएसआर काढा, सर्टिफिकेट आयात करा. ओपनएसएसएलला हातही लावावा लागत नाही.

पीआयव्ही हा अमेरिकी सरकारी ओळखपत्रांसाठीचा साचा, २००५ च्या फिप्स २०१ या मानकातून आलेला, आणि त्याची शिस्त कडक आहे. किल्ल्या हव्या तिथे ठेवता येत नाहीत. जागा, म्हणजे स्लॉट, नेमलेल्या आहेत. ९ए लॉगिनसाठी, ९सी सहीसाठी, ९डी एन्क्रिप्शनसाठी, ९ई दाराशी कार्ड टेकवण्यासारख्या बिनपिनच्या कामासाठी. ९सी मधली किल्ली प्रत्येक सहीला नव्याने पिन मागते. एसएसएचसाठी चुकून ९सी निवडलात तर दिवसभर पिन टाइप करत बसाल. ओपनएससीमधून पाहिलं तर याच चार जागा अनुक्रमे ०१ ते ०४ या आयडींखाली दिसतात.

नवख्याला चक्रावणारी गोष्ट अशी. ९ए मध्ये किल्ली बनवली, आनंदाने ‘पीकेसीएस११-टूल’ने यादी काढली, तर किल्लीचा पत्ताच नाही. किल्ली हरवलेली नसते. पीआयव्हीच्या रचनेत पब्लिक की वेगळी ठेवायला जागा नाही, ती सर्टिफिकेटातूनच वाचली जाते. स्लॉटमध्ये सर्टिफिकेट नाही म्हणून मॉड्यूलला किल्ली दिसत नाही. नुसत्या एसएसएचसाठी किल्ली हवी असली तरी स्वतःच सही केलेलं एक सर्टिफिकेट त्या स्लॉटमध्ये टाकावं लागतं. ते टाकलं की ‘एसएसएच-कीजेन’ला डी पर्यायात मॉड्यूल दिल्यावर पब्लिक की लगेच छापून येते.

युबिकी येते तेव्हा पीआयव्हीचा पिन १२३४५६ आणि पक १२३४५६७८ असतो, शिवाय एक मॅनेजमेंट की (किल्ल्या-सर्टिफिकेटं बदलायची परवानगी देणारी) असते, तीही जगजाहीर. पहिले दोन लोक बदलतात, तिसरी विसरतात. ‘वायकेमॅन’ नवी मॅनेजमेंट की तयार करून पिनच्या आड कार्डावरच जपून ठेवतं. एकट्याने वापरायच्या टोकनला हे पुरेसं आहे.

जीपीजी: स्वतःच्या राज्यात राजा

ओपनपीजीपी कार्डावर तीन किल्ल्या मावतात: सहीची, एन्क्रिप्शनची आणि ओळख पटवण्याची. ‘कार्ड-एडिट’मधला संवाद या यादीत सगळ्यात माणसाळलेला आहे. नाव विचारतो, मुदत विचारतो, आणि किल्ली तयार करताना एन्क्रिप्शनच्या किल्लीची प्रत कार्डाबाहेर ठेवायची का, हेही विचारतो. याला हो म्हणा. जीपीजीच्या एजंटमार्फत (मागे चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅममार्फत) एसएसएचही चालतं. ईमेल, गिट कमिटवरची सही आणि एसएसएच, एवढंच तुमचं जग असेल तर दुसरीकडे जायचं कारण नाही.

पण आपण दिलेलं काम, एक्स.५०९ या नेहमीच्या साच्याच्या सर्टिफिकेटचं, इथे अंगाबाहेरचं वाटतं. ‘जीपीजीएसएम’ हे त्यासाठीचं टूल आहे, २०२१ च्या २.३ मालिकेपासून ‘जीपीजी-कार्ड’ही आहे आणि त्याला पीआयव्ही कळतं. तरी फक्त सर्टिफिकेटांसाठी जीपीजीच्या वाटेला जाऊ नये, असंच मी म्हणेन.

शिवाय जीपीजी शेजाऱ्यांशी भांडतं. त्याचा ‘एससीडीमन’ (कार्ड सांभाळणारा, मागे चालणारा प्रोग्रॅम) रीडर थेट स्वतःकडे घेतो आणि बाकी सगळी टूलं ‘पीसीएससीडी’ या सामाईक सेवेमार्फत येतात. एकाने रीडर धरला की दुसऱ्याला कार्डच दिसत नाही. कार्ड काढून घातल्यावर कधी चालतं, कधी नाही, अशी लक्षणं असतील तर कार्ड किंवा रीडर बदलण्याआधी ‘एससीडीमन’च्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल-सीसीआयडी’ टाका, म्हणजे तोही इतरांच्याच रांगेत उभा राहील. एकाच टोकनवर जीपीजी आणि पीआयव्ही दोन्ही वापरणाऱ्यांना ही ओळ कधी ना कधी लागतेच.

पिन संपल्यावर काय होतं

सगळीकडे चुकीच्या पिनचा हिशेब कार्ड स्वतः ठेवतं, आणि टूल कितीही चांगलं असलं तरी त्याला तो बदलता येत नाही. युबिकीवर पीआयव्हीचा पिन आणि पक दोन्ही अडकले तर ॲप्लेट कोरं करता येतं. किल्ल्या जातात, टोकन वाचतं आणि त्यावरच्या ओपनपीजीपीला धक्का लागत नाही. आजच्या ओपनपीजीपी कार्डांनाही फॅक्टरी-रिसेट आहे. स्मार्टकार्ड-एचएसएम या कार्डाच्या प्रशासकीय पिनचे प्रयत्न संपले तर मात्र ते पुन्हा कधीच नव्याने सुरू करता येत नाही.

बहुतेक टूलांना पिन कमांडमध्येच देता येतो. देऊ नका. तो शेलच्या इतिहासात उरतो आणि चालू प्रक्रियांच्या यादीत दिसतो. तो पर्याय दिलाच नाही की टूल स्वतः विचारतं.

किल्ली आत घडवायची की बाहेरून घालायची

किल्ली कार्डातच जन्मावी आणि कधी बाहेर येऊ नये, हा पाठ सगळेच देतात. सही आणि लॉगिनसाठी तो मलाही पटतो. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये रोका ही त्रुटी जाहीर झाली. इन्फिनिऑनच्या लायब्ररीने चिपच्या आत घडवलेल्या आरएसए किल्ल्या कमकुवत निघाल्या, एस्टोनियाच्या सुमारे ७.५ लाख ओळखपत्रांना झळ बसली, युबिकी ४ चीही काही फर्मवेअरं त्यात होती. बाहेर घडवून आत घातलेल्या किल्ल्या यातून सुटल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये युक्लीक हा हल्ला उघड झाला. यात चिप हाती घेऊन आणि उपकरणं लावून ईसीडीएसए (एलिप्टिक कर्व्ह सहीची) किल्ली काढता येत होती, ५.७ आधीच्या फर्मवेअरच्या युबिकी ५ त्यात सापडल्या, आणि युबिकीचं फर्मवेअर बदलता येत नाही. इथे किल्ली कुठे जन्मली याने फरक पडत नव्हता.

एन्क्रिप्शनचा हिशेब वेगळाच. सहीची किल्ली हरवली तर नवी काढता येते. एन्क्रिप्शनची हरवली तर जुना मजकूर कायमचा बंद. म्हणून ९डी साठी किंवा ओपनपीजीपीच्या एन्क्रिप्शन जागेसाठी किल्ली नेटवर्क तोडलेल्या संगणकावर घडवा, प्रत तिजोरीत ठेवा आणि मग ती आयात करा. ‘वायकेमॅन’, ‘पीकेसीएस१५-इनिट’ आणि जीपीजीचं ‘कीटूकार्ड’ तिघांनाही हे जमतं. फक्त ‘कीटूकार्ड’ करून बदल सेव्ह केले की संगणकावर नुसता संदर्भ उरतो, म्हणून प्रत आधी काढायची.

आत घडलेल्या किल्लीचीही प्रत हवीच असेल, उदाहरणार्थ संस्थेच्या स्वतःच्या सर्टिफिकेट ऑथॉरिटीसाठी (सर्टिफिकेटं देणाऱ्या यंत्रणेसाठी), तर स्मार्टकार्ड-एचएसएम किंवा त्याच जातीचं नायट्रोकी एचएसएम घ्या. ओपनएससीचं ‘एससी-एचएसएम-टूल’ किल्ली दुसऱ्या एका किल्लीत गुंडाळून बाहेर देतं. त्या दुसऱ्या किल्लीचे वाटे अनेक जणांत विभागता येतात आणि तेच वाटे दिलेल्या दुसऱ्या कार्डावर ती उघडते. यात एक अट आहे: वाटे किती असणार, हे कार्ड सुरू करतानाच ठरवावं लागतं. आधी किल्ली बनवून नंतर प्रतीचा विचार केला, तर कार्ड कोरं करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.