ओव्हर द कॅप: एनएफएलचा हिशोब समजून घ्यायचा असेल तर हेच वापरा

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणाऱ्यांनी ओव्हर द कॅप ही वेबसाइट वापरायलाच पाहिजे, फुकट आहे आणि यातला कॅल्क्युलेटर तर एकदम भारी. आपली टीम निवडायची, क्वार्टरबॅकचं (पास फेकणारा मुख्य खेळाडू) कॉन्ट्रॅक्ट रिस्ट्रक्चर करायचं, म्हणजे पगाराचा बोनस करायचा, की कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारखर्चाची वार्षिक मर्यादा) किती जागा झाली ते लगेच दिसतं.

समजा क्वार्टरबॅकच्या पगारातले 3 कोटी डॉलर बोनस केले, तर पैसे त्याला पूर्ण मिळतात पण कॅपवर ते 5 वर्षांत वाटले जातात, म्हणजे यंदा 2.4 कोटी मोकळे आणि पुढची चार वर्षं दरवर्षी 60 लाखांचा बोजा. कॅन्सस सिटी चीफ्स टीमनी त्यांचा क्वार्टरबॅक महोम्सचं 2020 चं 10 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट असंच पुन्हापुन्हा फिरवलंय, आणि मला ते पटतं, कारण तो टीममध्ये राहणारच आहे.

खेळाडूला काढलं की मात्र बोनसचा कॅपवर उरलेला सगळा बोजा अंगावर येतो, यालाच डेड मनी म्हणतात. डेन्व्हर ब्रॉन्कोस टीमनी 2024 मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं तेव्हा दोन वर्षांत मिळून साधारण 8.5 कोटी डॉलर डेड मनी, बापरे!! ओव्हर द कॅपवर प्रत्येक खेळाडूसमोर डेड मनीचा आकडा असतो, रिस्ट्रक्चरच्या बातमीवर नाचण्याआधी तो कॉलम नक्की बघा.