युसूफचा ‘अ‍ॅन अदर कप’: होळी ते पोळा ऐकल्यानंतर

युसूफ, म्हणजे पूर्वीचा ब्रिटिश पॉप गायक कॅट स्टीव्हन्स, याचा २००६ चा हा अल्बम मी होळीपासून ऐकतोय, आता पोळा आला.

१९७७ मध्ये त्यानं इस्लाम स्वीकारला, पुढच्या वर्षी शेवटचा पॉप अल्बम काढला आणि गिटारी लिलावात दिल्या. त्यानंतरच्या धार्मिक रेकॉर्डिंगमध्ये मुख्यतः निवेदन, आवाज आणि तालवाद्य. नागपुरातल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आमच्याकडे पहाटे तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं लागतात, शब्द थेट छातीवर येतात. युसूफच्या त्या काळातही तो थेटपणा आहे, पण बरंचसं शिकवणीसारखं. ऐकणाऱ्यानं स्वतःहून पोचावं एवढी जागा त्यात सापडत नाही.

पुढे मुलानं घरी गिटार आणली, बापानं ती हातात घेतली आणि २८ वर्षांनी हा अल्बम आला. मऊ आहे, फार मऊ. या मऊपणामुळे भक्ती पातळ झाली असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ‘हेवन/व्हेअर ट्रू लव्ह गोज’ घ्या. त्यातला एक भाग त्याच्याच १९७३ च्या ‘फॉरिनर स्वीट’ या गाण्यातून आलाय. तेव्हा ते प्रेयसीला म्हटलेलं वाटायचं, आता देवाला. नाव न घेताही कळतं. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण स्वयंपाकघरातून विचारते, “भजनच म्हणून राहिला न हा?” ‘द बिलव्हेड’मध्ये तर पैगंबरांची उघड स्तुती आहे, सोबत सेनेगलचा गायक युसू एनदूर. त्याचा आवाज आला की गाणं एकदम उंच जातं.

खटकतं ते ‘डोन्ट लेट मी बी मिसअंडरस्टूड’. अमेरिकी गायिका नीना सिमोननं १९६४ मध्ये गायलेलं हे गाणं इथं व्हायोलिनांच्या थरात दबलंय. गैरसमज सोसलेल्या माणसाची कळ युसूफच्या आवाजात आहे, तिला एक गिटार पुरली असती.

मे महिन्यात कूलरच्या घरघरीत यातलं निम्मं ऐकूच येत नाही, हेडफोन लागतोच. फुटाळा तलावाच्या काठानं सकाळी सहाला चालताना मात्र प्रत्येक श्वास ऐकू येतो. नव्यानं ऐकणाऱ्यानं ‘मेबी देअर्स अ वर्ल्ड’पासून सुरुवात करावी आणि ‘द बिलव्हेड’ रात्री, घर निजल्यावर लावावं.