पासबुकातले ४३६ आणि २० रुपये

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पासबुकात दोन छोट्या रकमा वजा झालेल्या दिसतात. एक ४३६ रुपयांची, दुसरी २० रुपयांची. 'बँकेने न विचारता पैसे कापले' म्हणून काउंटरवर भांडायला येणारे दरवर्षी असतात. त्यातल्या निम्म्यांनी खातं उघडताना समोर आलेल्या चार फॉर्मांपैकी एकावर सही केलेली असते, एवढंच.

पहिली रक्कम प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची आणि दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. दोन्हींचं संरक्षण दोन लाखांचं, दोन्ही १ जून ते ३१ मे चालतात आणि दोन्ही २०१५ साली एकत्रच आल्या. त्यामुळे लोक त्यांना एकच समजतात. प्रत्यक्षात जीवनज्योती हा आयुर्विमा आहे. माणूस हृदयविकाराने जावो, कॅन्सरने, अपघाताने किंवा आत्महत्येने, वारसाला, म्हणजे फॉर्मवर नाव नोंदवलेल्या नॉमिनीला, दोन लाख मिळतात. सुरक्षा हा निव्वळ अपघात विमा आहे. अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तरी दोन लाख. एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर एक लाख. आत्महत्येला इथे काही नाही. आणि तिसरा प्रकार, म्हणजे आरोग्य विमा, या दोन्हींत औषधालाही नाही. दवाखान्याच्या बिलाचा एक रुपयाही यातून निघत नाही.

किमतीचा हिशेब मांडला तर जीवनज्योती गमतीशीर आहे. वय कितीही असो, हप्ता तेवढाच. ४३६ रुपयांना दोन लाख म्हणजे लाखामागे २१८ रुपये. पंचविशीतल्या निर्व्यसनी माणसाला एक कोटीचा साधा मुदत विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), ज्याला सगळे टर्म प्लॅन म्हणतात, लाखामागे याहून स्वस्त पडतो. म्हणजे तरुणांसाठी ही योजना महागच. खरा फायदा मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचा. ना वैद्यकीय तपासणी, ना जास्तीचा हप्ता. बाहेर त्याला या दरात कोणी दारात उभं करणार नाही. घरात असं कोणी असेल तर आधी त्यांचा फॉर्म भरा, पोरांचं नंतर बघता येईल.

वयाची अट मात्र नीट वाचा. जीवनज्योतीत १८ ते ५० या वयात शिरता येतं आणि दरवर्षी हप्ता भरत राहिलात तर संरक्षण ५५ पर्यंत टिकतं. एक्कावन्नाव्या वर्षी खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता चुकला, तर पुन्हा दार उघडेल हे धरून चालू नका. सुरक्षा योजनेची वयोमर्यादा बरीच सैल आहे, १८ ते ७०. साठीतल्या आई-वडिलांना जीवनज्योती मिळत नाही, २० रुपयांची सुरक्षा मिळते, आणि नेमकं तेच कोणाच्या लक्षात येत नाही.

वर्षाच्या मधेही शिरता येतं. जीवनज्योतीला जून ते ऑगस्ट पूर्ण ४३६, सप्टेंबर ते नोव्हेंबर ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारी २२८ आणि मार्च ते मे ११४ रुपये पडतात. मात्र नव्याने शिरणाऱ्याला पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचं संरक्षण असतं. आजाराने मृत्यू झाला तर दावा मिळत नाही. मधे हप्ता चुकवून परत येणाऱ्यालाही हे ३० दिवस पुन्हा लागतात. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून खात्यात किमान पाचशे रुपये राहू द्या. जनधन किंवा पगार बंद झालेलं जुनं खातं असेल तर हा घोटाळा हमखास होतो: खातं रिकामं, हप्ता गेला नाही, एक मेसेज आला असेल तर कोणी वाचला नाही.

दोन बँकांत दोन खाती आहेत म्हणून दोनदा विमा घेणारेही आहेत. त्याने चार लाख मिळत नाहीत. माणशी एकच संरक्षण, जास्तीचा हप्ता वाया. संयुक्त खात्यावर मात्र नवरा-बायको दोघांनाही आपापला हप्ता भरून वेगळं संरक्षण घेता येतं. परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथे वापरात असलेलं बँक खातं असेल तर तेही घेऊ शकतात, पण दाव्याचे पैसे भारतातच आणि रुपयांतच मिळतात.

आता सगळ्यात कच्चा दुवा: कागद. या गट योजना आहेत. मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते, तुमच्या हातात बाँड वगैरे येत नाही. फॉर्म दिल्यावर मिळणारी पोच किंवा विम्याचं प्रमाणपत्र, एवढंच. बऱ्याच शाखा मागितल्याशिवाय तेही देत नाहीत. फॉर्मवरचा वारस हा खात्याच्या वारसापेक्षा वेगळा नोंदवलेला असतो हेही ध्यानात घ्या. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं, ते तसंच राहिलेलं, असं सर्रास दिसतं. दुसरी अडचण बायकांच्या नावांची. फॉर्मवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात तिसरंच काहीतरी. दावा तिथे अडकतो आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते. हे जिवंतपणी दुरुस्त करायला शाखेत एक अर्ज पुरतो.

सुरक्षा योजनेच्या दाव्यात खरी मारामारी 'अपघात' सिद्ध करण्याची असते. गाडी चालवताना झटका येऊन मृत्यू झाला तर तो अपघात नव्हे. रस्त्यावरच्या धडकेत एफआयआर आणि पंचनामा होतोच, त्यामुळे तिथे फार अडत नाही. अडतं ते शेतात. साप चावला, झाडावरून पडला, विहिरीत बुडाला. सर्पदंश आणि झाडावरून पडणं योजनेत बसतं, पण लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद लागते. आधी मांत्रिकाकडे नेलं, तिथेच जीव गेला, रात्रीतच अंत्यसंस्कार उरकले, असं झालं की हातात कागद काहीच उरत नाही. कितीही दुःख असलं तरी पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन या दोन गोष्टी टाळू नयेत. शवविच्छेदनाच्या अहवालात कधी कधी मृत्यूचं कारण 'राखून ठेवले' असं लिहिलेलं असतं आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला जातो. तो रासायनिक अहवाल यायला वेळ लागतो. तोवर दावा अर्ज बँकेत देऊन पोच घ्यावी आणि अहवाल मागून जोडावा. अर्ज ३० दिवसांत द्यायचा असतो, हेच कारण.

जीवनज्योतीचा दावा त्यामानाने सरळ: दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार, वारसाच्या पासबुकाची प्रत किंवा रद्द केलेला चेक. अर्ज विमा कंपनीकडे नव्हे, ज्या शाखेतून हप्ता कापला तिथेच द्यायचा. अपघाती मृत्यूत दोन्ही योजनांचे मिळून चार लाख होतात. जनधन खात्याचं रुपे कार्ड असेल तर त्यावर वेगळा अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याच्या कार्डावर दोन लाख. अट अशी की अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं हवं. कपाटातल्या कार्डाचा विमा कपाटातच.

पोटापुरतं संरक्षण म्हणून हे धरायचं का? नाही. महिना २५ हजार कमावणाऱ्याच्या घरी दोन लाख आठ महिने पुरतात. २०१५ पासून हप्ता ३३० वरून ४३६ झाला, १२ वरून २० झाला. दोन लाख मात्र जिथल्या तिथे. पाय मोडून तीन महिने प्लास्टरमध्ये काढले तर सुरक्षा योजना शून्य देते, कारण ती फक्त कायमची हानी मोजते. तात्पुरत्या अपंगत्वाला आठवड्याचा भत्ता देणारा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो. कर्ता माणूस एकटा असेल तर मुदत विम्याला पर्याय नाही.

दवाखान्याचा खर्च पुन्हा निराळा. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरलेले आजार आणि ठरलेलीच रुग्णालयं. खाजगी पॉलिसी घेणार असाल तर आधी खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादा दिवसाला ३ हजार आणि खोली घेतली ६ हजारांची, तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च असं बरंच बिल त्याच प्रमाणात निम्मं होतं. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायचे इम्प्लांट तेवढे या कपातीतून सुटतात.

शाखेत फॉर्म भरायला गेलात की टेबलापलीकडून 'त्यापेक्षा हे बघा, पैसेही परत मिळतात' असा दुसरा फॉर्म सरकवला जाण्याची शक्यता बरीच. त्यात नवल नाही. ४३६ मधले ३९५ विमा कंपनीला जातात, बँकेच्या वाट्याला प्रशासनाचे जेमतेम ११ येतात. आपण आपले दोन फॉर्म भरून पोच घ्यावी आणि ती पासबुकातच ठेवावी.

घरात कोणी गेलं असेल आणि विमा होता की नाही हेच माहीत नसेल, तर त्यांच्या प्रत्येक खात्याचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनची पानं आधी बघा. तिथे काही नसेल तर मागच्या १२ महिन्यांत ३४२, २२८ किंवा ११४ अशी एखादी नोंद आहे का ते शोधा.