'हुबेहूब प्रिंट'च्या नावाखाली माझाच स्क्रीन बिघडवला

घरच्या प्रिंटरवर कृष्णधवल फोटो छापत असाल तर हे वाचा. पैसे गेले ते गेलेच, पण दोन महिन्यांचं कामही गेलं, आणि राग त्याचा जास्त आहे.

माझी तक्रार साधी होती. स्क्रीनवर निव्वळ करडा दिसणारा फोटो कागदावर खिडकीच्या उजेडात हिरवट दिसायचा आणि रात्री पिवळ्या बल्बखाली गुलाबी. शिवाय सगळ्या सावल्या काळ्यात बुडालेल्या. ऑनलाइन एक 'कलर तज्ज्ञ' भेटला. तुमच्या प्रिंटरसाठी आणि कागदासाठी खास प्रोफाइल (कोणता रंग कसा छापायचा हे ठरवणारी फाइल) बनवतो, प्रिंट स्क्रीनशी हुबेहूब जुळेल, म्हणाला. स्क्रीन फार उजळ ठेवलाय म्हणून प्रिंट काळवंडलेली वाटते, हेही त्याने सांगितलं, आणि ते खरं होतं. तिथेच माझा विश्वास बसला. शाईच्या अख्ख्या सेटच्या दुप्पट रक्कम आगाऊ भरली.

दुसऱ्या दिवशी फाइल हजर! शंका यायला हवी होती ती इथेच. खास प्रोफाइल करायचं तर तुमच्याच प्रिंटरवर, तुमच्याच शाईने, तुमच्याच कागदावर शेकडो रंगचौकटींचा तक्ता छापावा लागतो. तो नीट सुकला की स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे रंग मोजायच्या यंत्राने, एकेक चौकट मोजायची, त्या आकड्यांवरून फाइल तयार होते. या गृहस्थाने माझ्याकडून एक चौकटही छापून घेतली नव्हती.

प्रिंट पहिल्यासारखीच हिरवट आली. कुरकुर केली तर म्हणाला, "मॉनिटर कॅलिब्रेट करावा लागेल, स्क्रीनचा ताबा द्या." कॅलिब्रेट म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजळपणा ठरलेल्या मापावर आणणं. दिला. (हो, दिला. आता काय बोलणार.) मला प्रिंटचा मोबाइलने फोटो काढून पाठवायला लावला आणि वीस मिनिटं विंडोजमधल्या गॅमाच्या (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात, त्याच्या) आणि लाल-हिरव्या-निळ्याच्या पट्ट्या सरकवत बसला. मध्येमध्ये विचारायचा, "आता जुळतंय?" आणि खरंच जुळलं! चप्पल बसेना म्हणून पाय तासावा, तसं प्रिंट सुधारायची सोडून त्याने माझा स्क्रीन प्रिंटसारखा गढूळ करून ठेवला होता.

त्या स्क्रीनवर मी दोन महिने फोटो एडिट केले. एक दिवस तेच फोटो मोबाइलवर उघडले तर चेहरे धुतल्यासारखे फटफटीत आणि काळ्याच्या जागी राख. अंधारा दिसणारा फोटो उजळवत बसलो होतो, पण अंधार फोटोत नव्हताच.

मग ती फाइल तपासली. प्रोफाइलच्या फाइलचं नाव बदललं तरी आतलं मूळ वर्णन तसंच राहतं, आणि फोटोशॉपच्या यादीत दिसतं ते हे आतलं वर्णन. त्याने फाइलला माझं नाव दिलं होतं, यादीत मात्र कागद कंपनीचं नाव दिसायचं. 'तेच निवडा' म्हणाला होता, मी निवडत गेलो. वर्णन शेवटपर्यंत वाचलं तेव्हा कळलं, प्रिंटरचं मॉडेलसुद्धा माझं नव्हतं. तीच फाइल कागद कंपनीच्या साइटवर फुकट मिळाली.

हिरवट-गुलाबी छटेवर उपाय प्रिंटरमध्येच होता. माझ्या प्रिंटरमध्ये काळ्याबरोबर करड्या शायाही आहेत. साध्या रंगीत मोडमध्ये करडा रंग बराचसा रंगीत शाया मिसळून बनतो, म्हणून उजेड बदलला की छटा बदलते. कृष्णधवल मोडमध्ये (एप्सन त्याला अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट म्हणतं) मुख्य काम काळ्या-करड्या शायांचं, आणि तिथे तसलं प्रोफाइल निवडावंच लागत नाही! स्क्रीनसाठी कलरिमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र, उसना आणला. उजळपणा चौरस मीटरला 100 कँडेलाच्या आसपास, पांढऱ्याची छटा 6500 केल्विन, गॅमा 2.2. प्रिंट आता बरीच जवळ येते.

पण 'हुबेहूब' नाहीच. मॅट कागदावर काळ्याची घनता साधारण 1.6 पर्यंत जाते, म्हणजे कागदाचा पांढरा त्या काळ्याच्या जेमतेम 40 पट उजळ. साध्या मॉनिटरवर हेच प्रमाण 1000 पट असतं. हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

पैसे परत मागितले, तर 'डिजिटल माल परत घेत नाही' एवढं उत्तर देऊन त्याने मला ब्लॉक केलं. त्याच्या पानावर खूश ग्राहकांचे अभिप्राय आहेत. त्यातला एक माझा आहे, स्क्रीनचा ताबा दिला त्याच रात्री लिहिलेला: "स्क्रीन आणि प्रिंट तंतोतंत जुळली." तो काढायची सोय त्या साइटवर नाही.