महिन्याला 58 युरो आणि दोघांचा उन्हाळा: डॉइचलांड-टिकेटचा पाच महिन्यांचा अनुभव

सध्या सुट्टीवर लातूरला आलोय. आल्यापासून चार जणांनी विचारलं, "तिकडं फिरायला लई पैसा लागत असंल ना?" चौघांना चार वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. आम्ही नवरा-बायको जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. 2025 च्या मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत आमची जवळपास सगळी भटकंती एकाच तिकिटावर झाली, त्याचा हा अनुभव.

तिकिटाचं नाव डॉइचलांड-टिकेट. 1 मे 2023 ला सुरू झालं तेव्हा महिन्याला 49 युरो होतं, जानेवारी 2025 पासून 58 झालं. म्हणजे युरो शंभराच्या आसपास धरला तर माणशी 5800 रुपये. त्यात देशभरातल्या लोकल, पॅसेंजर म्हणाव्या तशा सगळ्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, मेट्रो आणि शहरातल्या बस महिनाभर कितीही वेळा. लांब पल्ल्याच्या सुसाट गाड्यांत मात्र चालत नाही. आपल्याकडच्यांना एका वाक्यात सांगायचं तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास, फक्त चार किंवा सात दिवसांऐवजी महिनाभराचा.

ही तुलना माझी नाही, अण्णांची आहे. अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. जुलैत आई-अण्णा आमच्याकडं आले, तेव्हा मी त्यांचीही तिकिटं काढली. पहिल्याच दिवशी ट्राममध्ये बसल्यावर अण्णांनी दोनदा मागं वळून बघितलं.

"कंडक्टर कुठंय?"

"इथं कंडक्टर नसतो अण्णा."

"मग तिकीट कोण फाडतं?"

मोबाईलमधला चौकोनी कोड दाखवला, तर त्यांचा विश्वास बसेना. आठवड्यानं रेल्वेत एक बाई तपासायला आल्या. अण्णांनी फोन पुढं केला, मशीननं पिक् केलं, बाई 'डांके', म्हणजे थँक्यू, म्हणाल्या. त्यांनी ओळखपत्र मागितलं तेव्हा अण्णा खूश झाले, कारण तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि ते कुणीतरी बघतंय याचं त्यांना समाधान वाटलं. नंतर म्हणाले, "सबंध गाडी अडीच मिनटात झाली हिची. आम्ही निलंग्याच्या गाडीत उभ्या माणसातून चिमटा वाजवत जायचो, मुरूड आलं तरी मागची सीट राहिलेली असायची." निलंग्याच्या वाटेवर मुरूड लागत नाही, हे आईनं लगेच सांगितलं. असो.

आता मुद्द्याचं. हे तिकीट वेळ वाचवायला नाही. स्टुटगार्टहून हॅम्बुर्गला सुसाट गाडीनं साडेपाच-सहा तासांत जाता येतं. आम्ही मे महिन्यात हौसेनं प्रादेशिक गाड्यांनी गेलो: हायडेलबर्ग, फ्रँकफर्ट, कासेल, ग्योटिंगेन असं बदलत बदलत. पहाटे पाचला घर सोडलं, हॅम्बुर्गला दिवे लागले होते. तिकडं मे महिन्यात दिवे लागायलाही नऊ वाजतात, त्यावरून हिशेब करा. पाठ आणि संसार दोन्ही आखडले. दुसऱ्या दिवशी मात्र कळलं की बंदरातल्या 62 नंबरच्या फेरीबोटीलाही हेच तिकीट चालतं. मग तिच्यातनंच इकडून तिकडं तीन चकरा मारल्या. परत येताना गुपचूप वेगळे पैसे भरून सुसाट गाडी धरली. एका दिवसात तीनेकशे किलोमीटरपेक्षा जास्त जायचं असेल तर या तिकिटाच्या नादाला लागू नका.

त्याच्या आत मात्र याच्यासारखी चीज नाही. जूनमध्ये ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातून गेलो. ओफेनबुर्गहून कॉन्स्टन्सकडं जाणारा हा मार्ग 1873 साली पूर्ण झाला. हॉर्नबर्गच्या पुढं गाडी चढण चढताना इतक्या गिरक्या घेते की मगाशी डावीकडं दिसलेलं चर्च आता उजवीकडं खाली दिसतं. बायकोनं बोगदे मोजायला घेतले. बावीसवर होती, तेवढ्यात मी शेंगाची चटणी कुठल्या पिशवीत आहे ते विचारलं. परतताना तिनं मला शेजारी बसूच दिलं नाही, तरी आकडा काही जुळला नाही. वाटेतल्या ट्रीबर्गचा धबधबा वेगळं तिकीट काढून बघावा लागतो. ठीक आहे, पाऊस पडून गेला असेल तर जा.

सगळ्यात जास्त वेळा गेलो ते कॉन्स्टन्सच्या सरोवराला. तिथले लोक बोडनझे म्हणतात. उल्मवरून खाली उतरत गेलं की अडीच-तीन तासांत पाणी दिसतं. सरोवर 536 चौरस किलोमीटर आहे, पलीकडचा काठ स्वित्झर्लंडचा. लिंडाऊ हे जुनं गाव बेटावर आहे आणि रेल्वे थेट बेटावर नेऊन सोडते. बंदराच्या तोंडाशी एका बाजूला दगडी सिंह, दुसऱ्या बाजूला दीपगृह. आई-अण्णांना तिथंच नेलं. धक्क्यावर बसून धपाटे सोडले, सोबत दही तिथल्याच दुकानातलं. आई पाण्याकडं बघत होती. मी सहज बोलून गेलो की आपल्या स्टुटगार्टच्या घरात नळाला येतं त्यातलं काही पाणी या सरोवराचं आहे. झिप्लिंगेन गावापाशी खोलवरून उपसून आधी डोंगरावर चढवतात आणि तिथून पाइपानं थेट उत्तरेला नेतात. 1958 पासून चालू आहे, चाळीसेक लाख माणसं ते पितात.

आईचा हात धपाट्यावर तसाच राहिला. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग तिनंच लावली होती. दर घरामागं किती हंडे, ते तिला अजून तोंडपाठ आहे. ती एवढंच म्हणाली, "म्हणून तू अंघोळीला अर्धा तास लावतोस व्हय." त्यानंतर ती तिकडं राहिली तोवर आमच्या घरात भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना जात होतं. आता बायकोही तेच करते.

फजितीशिवाय प्रवास नाही. काही मार्गांवर गाडी अर्ध्या वाटेत दुभंगते. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. जर्मनमध्ये तशी घोषणा होते, डब्यावरही लिहिलेलं असतं, पण आम्ही गप्पांत. बायको संडास शोधत मागच्या भागात गेली, तिथला बंद होता म्हणून आणखी मागं गेली. मी पुढं बसलो डबा, पाण्याची बाटली आणि तिचा फोन घेऊन. जंक्शनवर गाडी थांबली, एक हिसका बसला आणि खिडकीतून माझी बायको हळूहळू मागंच राहिली. मी पुढच्या स्टेशनावर उतरून उलटा आलो, तर ती प्लॅटफॉर्मच्या बाकावर शांत बसलेली. "मला माहीत होतं तुम्ही येताल," म्हणाली, "डबा तुमच्याकडं असला म्हणून काय झालं, डायबेटीसची गोळी माझ्याकडंय." नवीन माणसांसाठी नियम: चढताना डब्यावरचं गावाचं नाव वाचा, तिकीट आणि फोन ज्याचा त्याच्याकडं ठेवा.

गाडी उशिरा येणं, रद्द होणं हे तिकडंही होतं, आणि भरपूर होतं. जोडगाडीला पाच मिनिटांचं अंतर ठेवलं तर ती चुकणार असंच धरून चाला. आम्ही वीस मिनिटांखालचा बदल घेणं सोडून दिलं. रविवारी दुकानं बंद, म्हणून डबा घरूनच. दशम्या दोन दिवस टिकतात, पोळ्या दुपारी कडक होतात. उन्हाळी शनिवारी डोंगराकडं आणि सरोवराकडं जाणाऱ्या गाड्यांत उभं राहायची तयारी ठेवा. सायकलींचा डबा तर आपल्या यात्रेच्या एसटीसारखा भरतो. सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते यात धरलेलं नाही.

सीमेपलीकडं काही स्टेशनांपर्यंत हे चालतं, त्यात साल्झबुर्ग आहे. ऑस्ट्रियाचं गाव, पण म्युनिचहून प्रादेशिक गाडीनं थेट आत जाता येतं. तिथल्या शहर बसला मात्र चालत नाही. आम्ही चालत फिरलो, अण्णा कुरकुरले, आई नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून जातात. आई-अण्णा ऑगस्टच्या मध्यावर परत आले. मी त्यांची तिकिटं 12 तारखेला बंद करायला बसलो. सप्टेंबरचे दोघांचे 116 युरो गेले. अण्णा लातुरात, त्यांचं तिकीट जर्मनीत चालू. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पासाची तारीख बघायची सवय तुला लहानपणापासूनच नाही."

आमचा दोघांचा पाच महिन्यांचा खर्च 580 युरो, आई-अण्णांचा त्या सप्टेंबरसकट 348. यात मी ऑफिसला रोज ट्रामनं गेलो तेही आलं, म्हणून मला परवडलं. सायकलवर ऑफिसला जाणाऱ्यानं किंवा फक्त मोठ्या सुट्टीत एकदाच लांब जाणाऱ्यानं घेऊ नये. शनिवार-रविवार घरात बसवत नाही अशा दोघांनी डोळे मिटून घ्यावं.

जानेवारी 2026 पासून ते 63 युरो झालंय. हिवाळ्यापुरतं बायकोचं बंद ठेवलंय, मे महिन्यात परत घेऊ. आई-अण्णा या वर्षी येतीलच असं नाही. पण आले तर 10 ऑगस्टची आठवण फोनमध्ये आत्ताच लावून ठेवलीय, माझ्याही आणि अण्णांच्याही.